दहा कोंबड्या ठेवायच्या होत्या

नागपुरात मी दोन महिन्यांसाठी आले होते. ताईचं दुसरं बाळंतपण, आईला हिवतापाने उठता येत नव्हतं, आणि घरात रिकामी म्हणावी अशी मीच होते. आठवीची सहामाही झाली होती. मास्तर बाबांना म्हणाले, परत आल्यावर बसवा हिला, सांभाळून घेऊ. राजापूरहून एस.टी.ने कल्याण, तिथून आगगाडी. दोन दिवस मी मांडीवर पिशवी घट्ट धरून बसले होते. पिशवीत दोन झबली, सुंठीचे लाडू आणि माझी भूगोलाची वही होती. वही का आणली ते आठवत नाही. ती तशीच राहिली, शाळाही तशीच राहिली, आणि दोन महिन्यांचे पुढे किती झाले हे सांगायलाच हे प्रकरण लिहिते आहे.

ताईचं सासर मानकापूरच्या पुढे, तेव्हा जिथे वस्ती संपून शेतं लागायची तिथे होतं. एकामागे एक तीन खोल्या, त्यावर टिनांचं छप्पर, मागे बोअरिंगचा हापसा आणि एक बिहीचं झाड. आमच्याकडे त्याला पेरू म्हणतात. त्या झाडाखाली जुन्या दरवाज्यांच्या फळ्या, डांबराच्या पिंपाचे सपाट केलेले पत्रे आणि कुठून कुठून आणलेली जाळी असं जोडून उभं केलेलं खुराडं होतं. ते घराइतकंच लांब होतं, आणि घरापेक्षा त्यात वर्दळ जास्त. पहाटे कोंबडा आरवायच्या आधी सावनेरकडून कोळशाची मालगाडी जायची, टिना थरथरायच्या, मग कोंबडा, मग ताईचं बाळ, मग हापसा. या क्रमात कधी बदल झाला तर मी घाबरून उठून बसायची. आजही सातव्या मजल्यावर राहते, तरी पहाटे एखादा आवाज चुकला की मला जाग येते आणि मी गॅसचं बटण पाहून येते. ती सवय तेव्हापासूनची असावी.

खुराडं ताईच्या सासूबाईंचं. त्यांना मी मावशी म्हणायची. मावशी उंच, हाडापेराने मोठ्या, बोलायला तुटक होत्या, आणि त्यांच्या हाताची बोटं एखाद्या सुताराच्या बोटांसारखी जाड. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे ज्वारीची भाकर आणि अंड्याचा रस्सा ठेवला. रश्शावर बोटभर तर्री होती. मी भात-माशावर वाढलेली. भाकरीचा कोरडा घास घशात फिरत राहिला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मावशी म्हणाल्या, "काहून रडून राहिली वं? तिखट हाय का घर आठवलं?" मी म्हटलं, तिखट आहे. त्यांनी रश्शातलं अंडं काढून, हापशाच्या पाण्याने धुऊन माझ्या ताटात ठेवलं. आख्खं अंडं. आमच्या घरी अंडं दोऱ्याने कापून दोघांत मिळायचं. मी ते खाताना आजूबाजूला पाहत होते, की हे चुकून माझ्याकडे आलंय आणि आता कोणी उरलेलं अर्धं मागेल.

दोन महिने झाले, चार झाले, बाळ बसायला लागलं. मला परत पाठवण्याचं कोणी बोललं नाही, आणि मी कोणी बोलू नये म्हणून सकाळी सगळ्यांच्या आधी उठत होते. गावी माझ्यासाठी काही ठेवलेलं नव्हतं. धाकट्या तिघांवर मी चौथं पोट. बाबांच्या पत्रात एक ओळ असायची, 'नलू तिकडे असेल तोवर बरेच आहे.' दुसरी एक ओळ शेवटच्या दोन पत्रांत यायला लागली होती: लांज्याच्या कुणा घरातून विचारणा झाली आहे. मला पंधरावं चालू होतं.

मग भाऊजींनी मागे खोली काढायचं ठरवलं. भाऊजी कळमेश्वरच्या एका कारखान्यात पाळीला जायचे. माणूस सरळ, कुणाला वेडंवाकडं बोलणारा नाही, पण प्रत्येक गोष्टीचं ठिकाण ठरलेलं असावं असं त्यांना वाटायचं. चपला जोडीने. ताटं आकाराने. एका रविवारी पोहे खाताना त्यांनी बोटाने अंगणात रेघ ओढल्यासारखं करून सांगितलं, "भिंत इथपर्यंत येईल. खुराड्याले अर्धी जागा उरते. आता काय ठेवायचं अन् काय काढायचं, ते ठरवून घ्या." आणि त्याच सुरात पुढे, "खोली झाली की दिवाळीनंतर नलूले बी घरी पोचवून देतो. लेकरू मोठं झालं आता. तिचे बाबा वाट पाहून राहिले असतील."

ते दोन्ही एका दमात बोलले, यात काही वाईट हेतू नव्हता. त्यांच्या मनातल्या यादीत त्या दोन ओळी खालीवर आल्या असतील इतकंच. पण मी बशी घेऊन उठले ती हापशाशी जाऊन बराच वेळ धूत राहिले.

खुराड्यात तेव्हा तेवीस कोंबड्या, दोन कोंबडे, दोन बदकं आणि चार ससे होते. ससे भाऊजींनी कारखान्यातल्या कुणाकडून हौसेने आणलेले. त्यावरून अंगणात जी सभा झाली ती मला शब्दशः आठवते.

"ससे राहू द्या," भाऊजी म्हणाले. "आवाज नाई, कटकट नाई."

"अंडे देतात का?" मावशींनी विचारलं.

"आई, ससे कसे अंडे देतीन?"

"मंग कापून खातं का तू?"

भाऊजींनी सशांना नावं दिली होती.

ताईला शेळी हवी होती, बाळाच्या दुधासाठी. मावशी म्हणाल्या, "शेळी आली की बिहीचं झाड गेलं समज. मंग शेळीलेच दे खोली बांधून, तुमी झोपा खुराड्यात." ताई लग्नाआधी अशा बोलण्याला रडली असती, आता हसली आणि म्हणाली, "मग बदकं तरी काढा हो. सगळा चिखल करतात." बदकं निघाली. ससे शेजारच्या गल्लीतल्या एका शिक्षकांकडे गेले. भाऊजी सशांना भेटायला म्हणून पुढे कित्येक दिवस तिकडून फिरून यायचे. निकाल मावशींनी दिला: दहा कोंबड्या, एक कोंबडा. बाकीचं सगळं चाचांना. चाचा म्हणजे सायकलच्या दोन बाजूंना दोन मोठी डाली बांधून कोंबड्या विकत घेत फिरणारे एक म्हातारे गृहस्थ. महिन्यातून एकदा गल्लीत यायचे आणि कळमेश्वरच्या बाजारात बसायचे.

तेवीसातल्या दहा कुठल्या, हे मावशी एका दुपारात ठरवून टाकणार होत्या. पण त्याच आठवड्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी, डाव्याने अंधुकच दिसायचं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, आणि डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं, कोंबड्यांच्या जवळपास फिरकायचं नाही. एखादीने पंख मारला तर डोळा जाईल. गवंडी तर येऊन ठेपला होता. मावशी पुढच्या खोलीत बाजेवर उताण्या पडून छताकडे तोंड करून म्हणाल्या, "नले, इकडं ये. हात दे." माझा हात धरून त्यांनी मला शिकवलं. कोंबडी काखेत दाबून धरायची, तोंड मागे. शेपटीखाली दोन टोकदार हाडं लागतात. त्यांच्या मधे बोटं आडवी ठेवायची. "तीन बोटं मावली तं ते अंडे देणारी हाय, ठेव. दोन मावली तं बंद व्हाले आली. एक मावलं तं नुसती खाऊन राहिली, काढून टाक. समजलं? चेहरा नको पाहू कोणाचा. चेहरा पाहिला की एकबी काढणं व्हत नाई."

समजलं, मी म्हटलं. आणि बाहेर येऊन खुराड्यासमोर उभी राहिले तेव्हा माझ्या लक्षात आलं की बोटं त्यांची आणि माझी सारखी नाहीत. त्यांची तीन म्हणजे माझी चार, कदाचित साडेचार. हे त्यांना विचारावं तर त्या म्हणणार, एवढंही कळत नाही का. दुपारी त्या झोपल्या तेव्हा मी खराट्याची एक काडी घेऊन गेले. त्यांचा हात बाजेच्या कडेवरून खाली लोंबत होता. श्वास धरून मी काडी त्यांच्या तीन बोटांना लावली, नखाने खूण केली, दोनाला लावली, खूण केली, एकाला केली. मग ती काडी माझ्या हातावर धरून माझी कुठली बोटं कशाच्या बरोबर ते ठरवलं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. जी चूक व्हायची ती मी आधीच ओळखून बंद केली होती. आयुष्यात पुढे अनेकदा मी असंच केलं आहे. एका दाराला तीन कड्या लावून दुसरं दार सताड उघडं ठेवलं आहे.

एकेक कोंबडी काढून मी मोजली. देणाऱ्या दहा निघाल्या, त्यांच्या पायाला लाल चिंधी बांधली. योगायोग म्हणा, त्या दहाही फारमाच्या पांढऱ्या कोंबड्या होत्या, एकसारख्या, स्वच्छ, धुतल्यासारख्या. गावठी होत्या त्या कुणी दोनात होत्या, कुणी दोनाच्याही खाली. कोपऱ्यातल्या पाटीत काळी बसलेली होती. ती दोन आठवड्यांपासून खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली होती. पोटाखाली अंडं नसतानाही पिसं फुगवून बसायची आणि जवळ गेलं की घशातून कुर्र करून टोचायची. मी तिलाही काखेत धरून मोजलं. एक बोट, तेही अडकत. तिच्या शेजारची तिची तांबडी पोर, तिचंही एक. मी थांबले. काळी या घरात माझ्या आधीपासून होती, आणि गल्लीतल्या बायका आपली अंडी आणून तिच्या पोटाखाली उबवायला ठेवून जायच्या, हे मला माहीत होतं. पण नियम एका बोटाचा होता, आणि चेहरा पाहायचा नाही असंही सांगितलेलं होतं. दुसऱ्या दिवशी चाचा आले. काळीने त्यांच्या मनगटाला टोचून रक्त काढलं. "बहुत तेज है," असं म्हणत त्यांनी तिला डाल्यात कोंबलं.

दोन दिवस सगळे माझ्यावर खूष होते. गवंड्याने अर्धं खुराडं मोडलं, उरलेल्यात दहा पांढऱ्या आणि एक कोंबडा असं चित्रातल्यासारखं दिसत होतं. भाऊजी जाळीशी उभे राहून म्हणाले, "वा! एकदम लाइनशीर काम केलं पोरीनं." मी मनात हिशेब मांडला होता, की आता मावशींना माझ्यावाचून अडेल आणि दिवाळीनंतरचं ते बोलणं आपोआप मागे पडेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी बाजेशेजारी बसून तांदूळ निवडत होते. मावशी डोळे मिटून पडलेल्या. मधेच त्या म्हणाल्या, "काळी काहून बोलून नाई राहिली?"

मी तांदळातला खडा शोधत राहिले.

"नले. काळी कुठं हाय?"

"एकच बोट मावलं, मावशी."

त्या उठून बसल्या. उठायची मनाई होती, तरी बसल्या. "बसलेल्या कोंबडीचं एकच बोट असते वं माय! ते अंडे देऊन झाली, आता बसून राहिली, तं हाडं मिटत नाई का? आन् तांबडी?"

"तिचंही एकच."

"म्हणजे दहाच्या दहा पांढऱ्या ठेवल्या." त्यांनी कपाळाला हात लावला, पट्टी सांभाळून. "पांढऱ्या अंडे टाकतेत आन् पाठ फिरवून चालल्या जातेत. त्याइले बसता येत नाई. मशिनीतून निघालेली जात ते. पुढच्या साली पिल्लं कोण काढन, तू बसशीन अंड्यावर?"

ताई दारात आली होती. भाऊजी जेवून कामावर निघत होते, तेही थांबले. त्यांनी काय झालं ते ऐकून घेतलं आणि समजुतीने म्हणाले, "जाऊ दे आई, कोंबडीच तं हाय. पोरगी लहान हाय. तिचं मन बी इथं नाई लागत असंन. मी आजच तिकिटाचं पाहून येतो." ते गेले. ताई माझ्याकडे पाहत नव्हती. मला तिची भीती कळत होती. सासरी बहीण ठेवून घेतलेली, आणि त्या बहिणीने सासूची कोंबडी घालवलेली. मी रडले नाही, हे मला आज विचित्र वाटतं. मला फक्त आठवतं की निवडलेले तांदूळ मी पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतले.

दुसऱ्या दिवशी कळमेश्वरचा बाजार होता. भाऊजी पाळीला गेल्यावर मावशींनी पट्टीवरून काळा चष्मा चढवला, डोक्यावरून पदर घट्ट घेतला आणि मला म्हणाल्या, "चाल." ताई म्हणाली, डॉक्टर काय म्हणाले आठवतं ना. "डॉक्टरले काय मालूम माही काळी," एवढंच त्या बोलल्या. बसमध्ये त्यांनी एका हाताने माझा खांदा धरला होता, धक्का लागू नये म्हणून. तो हात रागाचा आहे की आधाराचा, हे मी पूर्ण रस्ताभर ओळखायचा प्रयत्न करत होते.

चाचा बाजाराच्या टोकाला चार डाली मांडून बसले होते. मावशींना चष्म्यात ओळखायला त्यांना वेळ लागला. मावशींनी विचारल्यावर त्यांनी दोन्ही हात उघडे करून दाखवले. "अम्मा, वो तो उसी दिन चली गई. ढाबेवाला ले गया. मुझे बोल देते, मैं रख लेता." मावशी म्हणाल्या, "बोल देते तो. बोलनेवाली का आँख बंद था." आणि तिथेच पोत्यावर टेकल्या. मला वाटलं आता घरी जायचं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "नले, दुसरी काढ."

"मी?"

"मले दिसते का? तुलेच काढा लागन."

मी पहिल्या डाल्यातली एक कोंबडी काखेत धरली आणि बोटं लावायला गेले. मावशींना ते न दिसताच कळलं. "बोटं नको लावू. बोटं अंड्यासाठी असतेत. बसणारी पाहाची तं हात उताणा करून पोटाखाली घाल. पळाली तं सोडून दे. फुगून तुह्याच हातावर बसली तं ते आपली." मी तीन डाल्यांत हात घातले. कोंबड्या पळाल्या, ओरडल्या, एकीने माझ्या बाहीवर घाण केली, चाचा हसून म्हणाले, "बिटिया तो डॉक्टरनी निकली." शेवटच्या डाल्यात तळाशी, बाकीच्यांच्या पायाखाली, मान उघडी असलेली एक मातकट कोंबडी होती. दिसायला अगदीच वाईट. तिच्या पोटाखाली हात गेला तर तिथे कढत होतं. ती कुर्र करून फुगली, माझ्या अंगठ्यावर टोचलं, आणि मग सगळं वजन टाकून माझ्या तळहातावर बसली.

"टोचलं, मावशी."

"टोचू दे," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज बराच खाली आला होता. "उचल."

घरी आणून तिला दोन दिवस टोपल्याखाली अंधारात ठेवलं. मग पाटीत कडबा आणि राख घालून तेरा अंडी मांडली. प्रत्येकावर कोळशाची खूण. अंडी मावशींनी मला मांडायला लावली, कोंबडीही माझ्याच हाताने बसवली. त्या लांबून, खुर्चीवर बसून नुसतं सांगत होत्या. त्याच संध्याकाळी भाऊजी आले आणि त्यांनी खिशातून तिकीट काढून ताईच्या हातात दिलं. भाऊबीजेनंतरचं होतं; ते स्वतः मला पोचवायला येणार होते. ताईने ते माझ्याकडे न पाहता डब्यात ठेवलं. मावशी भाकर मोडत होत्या. मोडता मोडता म्हणाल्या, "तिकीट वापस कर."

"काहून?"

"कोंबडी बसवली आज. ज्यानं बसवली त्याच्याच हातानं दाणापाणी लागते, एकवीस दिवस. हात बदलला का कोंबडी उठते, अंडे सडतेत. सारी दुनिया जाणते."

भाऊजींनी हे पूर्वी ऐकलं नसावं. मीही ऐकलं नव्हतं. ताईने माझ्याकडे पाहिलं. पण मावशींच्या खुराड्यातल्या गोष्टींवर त्या घरात कोणी वाद घालत नसे. "बरं," भाऊजी म्हणाले, "एकवीस दिवसांनं पाहू."

ते एकवीस दिवस मी त्या उघड्या मानेच्या कोंबडीची जितकी काळजी केली तितकी नंतर माझ्या मुलांचीही केली नसेल. दिवसातून एकदा ती उठायची, दाणे खायची, धुळीत लोळायची. ती परत पाटीत जाऊन बसेपर्यंत मी जागची हलत नसे. विसाव्या दिवशी मावशींनी एक अंडं मागवून कानाला लावलं, मग माझ्या कानाला लावलं. आतून कोणीतरी नखाने टिनेवर टकटक करावी तसा आवाज येत होता. तेरातली अकरा निघाली. भाऊजींनी पिल्लं मोजली, ताईच्या बाळाला दाखवली आणि मावशींना म्हणाले, "चला, झालं तुमचं काम. आता नलूचं तिकीट काढू ना?"

"काढ," मावशी म्हणाल्या.

त्या दिवशी दुपारी त्या पट्टी काढून आल्या होत्या. बिहीच्या झाडाखाली उभ्या राहून त्यांनी कित्येक आठवड्यांनी सगळं खुराडं दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. मग शेजारणीकडे गेल्या आणि तिची एक खुडूक कोंबडी काखेत घेऊन आल्या. मला हाक मारून ती माझ्या हातात दिली, आणि म्हणाल्या, बसव.

पुढे मी शिवण शिकले, लग्नही इथेच झालं, कोंबड्याही पाळल्या. बसलेल्या कोंबडीला मी पुष्कळदा दुसऱ्याच्या हाताने दाणे घालून पाहिले आहेत. कधी मुलांच्या, कधी शेजारच्यांच्या, एकदा तर घरी आलेल्या पाहुण्याच्या. एकही कोंबडी कधी उठली नाही. हे मी मावशींना सांगितलं नाही, त्यांनीही कधी विषय काढला नाही. माहेरच्या माणसांना वाटतं मी नागपुरात चार वर्षं राहिले आणि मग इथलीच झाले. खरं म्हणजे मी एका वेळी एकवीस दिवसच राहत होते. प्रत्येक वेळी विसाव्या दिवशी भाऊजी तिकिटाचं विचारायचे, आणि मागच्या अंगणातून मावशींचा आवाज यायचा, "आता कशी जाते ते? आजच बसवली नं तिनं."